चष्मा सोडून लेन्स लावायची? आधी दिवसाचे तास मोजा

२०२४ च्या जुलैत एका टीव्ही अभिनेत्रीनं स्वतःच जाहीर केलं, की दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी लेन्स घातल्यावर तिचे डोळे दुखू लागले, दिसेनासं झालं आणि बुबुळाला इजा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. त्या आठवड्यात लेन्स वापरणाऱ्या बऱ्याच मुलींना आईचा फोन गेला असणार. दोन महिन्यांनी उलट्या दिशेची बातमी आली. वाचायचा चष्मा घालवणारे थेंब येणार म्हणून गाजावाजा झाला आणि कंपनी मंजुरीबाहेरचे दावे करते म्हणून औषध नियंत्रकांनी त्या थेंबांची परवानगीच स्थगित केली. एकीकडे लेन्सची धास्ती आणि दुसरीकडे चष्म्यापासून सुटका मिळवायची घाई. दोन्हींच्या मध्ये उभा असलेला माणूस चष्म्याच्या दुकानात विचारतो, "मी लेन्स लावू शकतो का हो?"

दुकानदार बहुतेक वेळा "हो, का नाही!" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. बहुतेक डोळ्यांना लेन्स बसते. पण डोळ्याला लेन्स बसणं आणि तुमच्या दिनक्रमात लेन्स बसणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मुंबईत खरा प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा असतो, आणि दुकानात तो फारसा कुणी विचारत नाही. तो प्रश्न असा: घरातून किती वाजता निघता आणि किती वाजता परत येता?

तिथे पोचण्याआधी थोडी पायाभरणी.

नंबर तोच, जागा वेगळी

डोळ्याच्या सर्वांत पुढे एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. बोलताना आपण 'बुबुळावर पडलं', 'बुबुळाला लागलं' म्हणतो, तेव्हा बहुधा हाच पडदा अभिप्रेत असतो. बाहेरून आलेला प्रकाश इथे आणि आतल्या भिंगात वळतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटतो. डोळा थोडा लांब असला तर प्रकाश मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकवटतो, लांबचं धूसर दिसतं आणि मायनस नंबर लागतो. डोळा आखूड असला तर प्लस. कॉर्नियाचा बाक सगळ्या बाजूंनी सारखा नसला, तर तो सिलिंडरचा नंबर.

चष्मा आणि लेन्स दोघांचं काम एकच, प्रकाश योग्य जागी आणून सोडायचा. फरक जागेचा आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, तर लेन्स कॉर्नियावरच्या अश्रूंच्या पातळ थरावर टेकलेली असते. एवढ्याशा अंतरानं बरंच काही बदलतं. मोठ्या मायनस नंबरच्या काचेतून सगळं बारीक दिसतं, कडेला वाकडं दिसतं आणि फ्रेमच्या बाहेर तर काहीच दिसत नाही. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो. एका डोळ्याचा नंबर उणे १ आणि दुसऱ्याचा उणे ६ असेल, तर चष्म्यातून दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या आकाराची चित्रं दिसतात आणि मेंदूला ती जुळवता जुळवत नाहीत. अशा माणसासाठी लेन्स म्हणजे शोभेची वस्तू नाही, ती गरज आहे. काही जणांचा कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. त्यांना चष्म्यातून नीट दिसतच नाही. त्यांच्यासाठी कडक लेन्स हाच मुख्य उपाय असतो.

याच अंतरामुळे चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही. उणे ४ पर्यंत फरक नगण्य असतो. चष्मा उणे ६ चा असेल तर लेन्स साधारण उणे ५.५ ची लागते, उणे ८ असेल तर सव्वासातच्या आसपास. शिवाय लेन्सच्या चिठ्ठीवर नंबराखेरीज आणखी दोन आकडे असतात, लेन्सचा बाक आणि तिचा व्यास, उदाहरणार्थ ८.६ आणि १४.२ मिलिमीटर. हे आकडे तुमच्या कॉर्नियाशी जुळावे लागतात. चष्म्याची चिठ्ठी पाहून मोबाइलवर लेन्स मागवणं म्हणजे अर्ध्या मापावर ब्लाउज शिवायला टाकण्यातला प्रकार आहे.

कॉर्नियाचा श्वास

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. पण मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंत विरघळून. उघड्या डोळ्यावरच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. झोपेत डोळे मिटले की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून झिरपतो तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. म्हणून लेन्स न वापरणाऱ्याचाही कॉर्निया रात्रीतून तीन-चार टक्के सुजतो आणि उठल्यावर पुन्हा ओसरतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या पडद्यावर लेन्स ठेवली की श्वासाच्या वाटेत एक थर आला. लेन्सचा सगळा इतिहास म्हणजे हा थर श्वास घेऊ देणारा कसा करायचा, याचीच खटपट आहे. १८८० च्या दशकात पहिल्या लेन्स आल्या त्या काचेच्या होत्या, डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या आणि तास-दोन तासांत डोळे लाल करणाऱ्या. नंतर कडक प्लास्टिक आलं. १९६१ मध्ये ओटो विख्टेर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञानं पाणी शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या लेन्स करून दाखवल्या. मुलांच्या धातूच्या जोडणी-खेळण्यातून घरीच यंत्र तयार करून त्यानं त्या बनवल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला मान्यता मिळाली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन मिसळलेल्या लेन्स आल्या. या लेन्समधून प्राणवायू कित्येक पट जास्त जातो. दुकानदार 'सिलिकॉन हायड्रोजेल' म्हणतो, ती हीच.

तरीही नव्यातली नवी लेन्ससुद्धा अडथळा उरतेच. प्राणवायू वर्षानुवर्षं कमी पडला तर कॉर्निया आपली सोय स्वतः करतो. बाजूच्या रक्तवाहिन्या पारदर्शक भागात शिरू लागतात. एकदा शिरल्या की त्या सहज परत जात नाहीत.

विरार फास्ट आणि लेन्सचे तास

बहुतेक डॉक्टर दिवसाला ८ ते १२ तासांपर्यंत लेन्स ठेवायला सांगतात, आणि सुरुवातीला त्याहूनही कमी. आता मुंबईचं गणित मांडा. विरारचा माणूस सकाळी सव्वासातला घर सोडतो. चर्चगेटपर्यंतचं अंतर साठ किलोमीटर आहे आणि दीड तास गाडीत जातो. कार्यालय सुटायला सहा-सात वाजतात, परतीच्या गर्दीत एखादी गाडी सोडावी लागते, वसईला भाजी घ्यायची असते. घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ. लेन्स पावणेसातला घातली होती. म्हणजे सव्वाचौदा तास झाले, आणि हा चांगला दिवस. रुळांवर पाणी साचलं त्या दिवसाचं तर बोलायलाच नको.

हे चौदा तास सगळे सारखेही नसतात. त्यातले आठ-नऊ तास वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर जातात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर सुकतो आणि त्याच थरावर तरंगणारी लेन्स टोचू लागते. संध्याकाळी पाच वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, लेन्सची कंपनी नव्हे.

आणि गाडीत खिडकी मिळाली की काय होतं, हे सांगायला नको. मान कलते. बोरिवलीपासून वसईपर्यंतची डुलकी अर्ध्या तासाची असेल, पण रोजची असते. मिटलेल्या डोळ्यांत आधीच कमी झालेला प्राणवायू आणि त्यावर लेन्स. जुलैच्या सरीत रस्त्यावरचा जाड प्लास्टिकचा रेनकोट घालून खचाखच भरलेल्या डब्यात उभं राहून पाहा. बाहेरचा पाऊस आत येत नाही हे खरं, पण आतला घाम बाहेर जायला वाव नसतो. लेन्स घालून झोपलेल्या डोळ्याची अवस्था तीच. सिलिकॉनची लेन्स हा जरा बऱ्या कापडाचा, हवा खेळू देणारा रेनकोट. पण तो घालूनही कुणी रात्रभर झोपत नाही.

म्हणून रोज लांबचा प्रवास करणाऱ्यानं चष्म्याला रामराम ठोकू नये असं माझं मत आहे. लेन्स घ्यावी ती आठवड्यातल्या दोन-तीन ठरावीक दिवसांसाठी, किंवा दिवसातल्या ठरावीक तासांसाठी. सभा-समारंभ, लग्न, नाटक, ट्रेक, बॅडमिंटन. बाकी दिवस चष्मा. दादरला राहून माटुंग्याला शिकवायला जाणाऱ्या शिक्षिकेचं गणित वेगळं आहे. तिचे सहा-सात तास सहज बसतात, तिनं रोज घातली तरी चालेल. डोळे दोघांचे सारखेच असतील, पण उत्तर वेगळं येतं.

लेन्सचं पारडं जड ठरतं असेही तास मुंबईत आहेतच. पावसात दुचाकीवर हेल्मेटमध्ये वाफ धरलेला चष्मा धोकादायक असतो. एसी लोकलमधून जूनच्या फलाटावर उतरल्याक्षणी काचा धुरकट होतात आणि काही क्षण माणूस अंदाजानंच चालतो. गर्दीत कुणाच्या तरी कोपरानं चष्मा उडून रुळांवर गेला, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक चष्मेवाल्याच्या ओळखीत कुणाच्या तरी बाबतीत घडलेली असते. पण चष्मा धूळ आणि खडे अडवतो, आणि लेन्स नाही, ही दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. मेट्रोच्या किंवा रस्त्याच्या खोदकामाजवळून दुचाकी चालवताना लेन्स घातली असेल, तर हेल्मेटची काच खाली हवी किंवा साधा गॉगल तरी.

नळाचं पाणी आणि लेन्स

तासांखालोखाल महत्त्वाचं ते पाणी, आणि इथे शिकलीसवरलेली माणसंही चुकतात. लेन्स खाली पडली, नळाखाली धुतली, घातली. लेन्स धुवायचं आणि बुडवून ठेवायचं सोल्यूशन संपलं, लेन्सच्या डबीत फिल्टरचं पाणी भरलं. लेन्स घालूनच अंघोळ केली.

मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येतं, शुद्ध होतं, त्यात क्लोरीन असतं आणि ते पिण्याजोगं असतं. पण पोटात जाणारं पाणी आणि लेन्सवर राहणारं पाणी यांचे नियम वेगळे आहेत. पोटात आम्ल आहे, डोळ्यात नाही. गोड्या पाण्यात, मातीत, इमारतीच्या टाकीच्या तळाच्या गाळात अ‍ॅकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कवच तयार करतो, आणि त्या कवचाला पाण्यातलं नेहमीचं क्लोरीन पुरेसं पडत नाही. पाण्यातून तो लेन्सवर चिकटतो, आणि लेन्समुळे कॉर्नियावर पडलेल्या बारीक ओरखड्यांतून आत शिरतो. वेदना भयंकर होतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. कधीकधी कॉर्निया बदलण्यापर्यंत वेळ येते. असे रुग्ण थोडे असतात. पण ज्या देशांत याची नीट नोंद ठेवली जाते, तिथले बहुसंख्य रुग्ण लेन्स वापरणारेच असतात.

याहून नेहमी आढळणारा शत्रू म्हणजे स्यूडोमोनास हा जीवाणू. तो ओल्या जागेत वाढतो, आणि लेन्सची डबी ही त्याच्यासाठी उत्तम ओली जागा. त्याचा संसर्ग झाला तर एक-दोन दिवसांत कॉर्नियावर व्रण पडू शकतो.

आता धोक्याचं मोजमाप, म्हणजे उगाच घाबरायला नको. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पाहण्यांत असं दिसलं, की मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या दर १०,००० जणांपैकी वर्षाला साधारण २ ते ४ जणांच्या कॉर्नियाला जंतुसंसर्ग होतो. लेन्स घालून झोपणाऱ्यांत हा आकडा २० च्या आसपास जातो. पहिला आकडा बऱ्याच माणसांना पत्करण्यासारखा वाटेल, आणि वाटायला हरकत नाही. दुसऱ्यासाठी मात्र कारण सापडत नाही. फक्त आळस.

त्यामुळे नियम सोपा आहे: लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही, कुठलंच. हात साबणानं धुवायचे आणि धागे न सोडणाऱ्या स्वच्छ कापडानं पूर्ण कोरडे करायचे, तेव्हाच लेन्सला हात लावायचा. अंघोळीआधी लेन्स काढायची. शिवाजी पार्कच्या तलावात पोहायला जाणाऱ्यांनी नंबरचा पोहण्याचा गॉगल करून घ्यावा, तो मिळतो. अचानक पावसात डोळ्यांत पाणी गेलं तर घाबरण्याचं कारण नाही. घरी आल्यावर लेन्स काढा, एका दिवसाची (एकदा घालून फेकायची) असेल तर फेकून द्या. धुळवडीला लेन्स घालून बाहेर पडूच नका, कारण रंगाचे कण लेन्सखाली अडकून राहतात.

सोल्यूशनबद्दल एकच सांगतो. डबीतलं कालचं सोल्यूशन रोज ओतून टाकायचं असतं. वर थोडं नवं घालून भागवायचं नाही. जंतू मारण्याची ताकद कालच्या रात्रीतच खर्ची पडलेली असते. लेन्स तळहातावर बोटानं हलकेच चोळून धुवायची, सोल्यूशननंच. सलाइन हे सोल्यूशन नव्हे, त्यानं जंतू मरत नाहीत. डबी तीन महिन्यांनी बदलायची. आणि मिरच्यांचा ठेचा केलेल्या हातांनी लेन्स काढायला जाऊ नका, साबणानं कितीही धुतलेत तरी. ते ज्ञान प्रत्येक जण एकदाच मिळवतो.

चाळिशी लागली की गंमत होते

चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे लेन्स घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा, कारण नंतर सर्वांत जास्त तक्रारी याच गटातून येतात.

मायनस नंबर असलेला माणूस चाळिशीनंतर एक सोय बिनबोभाट वापरत असतो. बारीक अक्षर वाचायचं असलं की तो चष्मा कपाळावर सरकवतो, आणि उणे ३ चा डोळा तसाही फूटभर अंतरावरचं स्पष्ट पाहतो. लेन्स घातली की ही सोय गेली. लेन्स कपाळावर सरकवता येत नाही. त्यात भर म्हणजे मायनसवाल्याला चष्म्यापेक्षा लेन्समधून जवळचं पाहताना डोळ्याला थोडा जास्त जोर लावावा लागतो. परिणाम असा, की बेचाळिसाव्या वर्षी हौसेनं लेन्स घेतलेला माणूस पंधरा दिवसांत वाचायचा चष्मा शोधत फिरतो. प्लस नंबरवाल्यांचं याच्या उलट होतं, लेन्समुळे त्यांना जवळचं पाहायला जरा आराम मिळतो.

यावर उपाय आहेत. एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला जवळची लेन्स देतात, मेंदू हवं ते चित्र निवडायला शिकतो. किंवा एकाच लेन्समध्ये लांब-जवळ दोन्ही असतं. काहींना हे झटकन जमतं, काहींना रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती वलयं दिसतात. आठवडाभर वापरून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

लोक विचारतात ते

लेन्स डोळ्यामागे गेली तर? जाऊ शकत नाही. पापणीच्या आतून निघालेलं पातळ आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, त्यामुळे मागची वाट बंद असते. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन बसते. डोळ्यात लेन्सचे थेंब घालून खाली पाहत उघडझाप केली, की खाली येते.

शेगडीपुढे किंवा होळीच्या आगीजवळ लेन्स वितळते, ही अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. लेन्स वितळेल इतकी आच डोळ्याला लागली, तर त्याआधी चेहरा भाजलेला असेल.

लेन्समुळे नंबर वाढायचा थांबतो का? साध्या लेन्सनं नाही. मुलांचा मायनस वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास लेन्स आहेत. त्यातल्या एका प्रकाराला अमेरिकेत २०१९ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांना सुरू करण्यासाठी मान्यता मिळाली. पण तो उपचार आहे आणि तो मुलांच्या नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा. एरवी मुलांना लेन्स द्यावी का, याची माझी कसोटी वयाची नाही. ज्या मुलाला रात्री दात घासायची आठवण करून द्यावी लागत नाही, त्याला लेन्स सांभाळता येईल.

नंबर नाही, फक्त डोळे घारे दिसावेत म्हणून लेन्स? बिननंबरच्या रंगीत लेन्सलाही कॉर्नियाचं माप लागतं आणि स्वच्छतेचे सगळे नियम लागू होतात. लग्नाच्या मेकअपवालीकडची रंगीत लेन्स, जी मागच्या रविवारी दुसऱ्या नवरीनं घातली होती, ती कितीही सुंदर असली तरी नको म्हणा. आणि क्रम लक्षात ठेवा, लेन्स आधी आणि काजळ नंतर. काढतानाही लेन्स आधी. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरलंत तर ते लेन्सवर येणारच.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापुरती लेन्स लावावी का, असंही विचारणारे आहेत. त्या एका संध्याकाळीसाठी नव्यानं लेन्स शिकू नये. डोळे लाल होऊन पाणी गळत असलेल्या मुलीपेक्षा किंवा मुलापेक्षा चष्म्यातला चेहरा नक्कीच बरा दिसतो.

कुणी टाळावी? डोळे सतत खाजणाऱ्या अ‍ॅलर्जीचे, खूप कोरड्या डोळ्यांचे, पापण्यांना वारंवार संसर्ग होणारे. रसायनांच्या वाफेत किंवा बारीक भुकटीत काम करणारे. मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, त्यांची जखम भरायला वेळ लागतो. आणि डोळे आले असतील तर, २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आले तसे, पूर्ण बरे होईपर्यंत चष्मा. तेव्हाची लेन्स आणि डबी दोन्ही टाकून द्यायची.

खर्चाचा हिशेब लोक उलटा करतात

महिनाभर चालणारी लेन्स स्वस्त आणि रोज फेकायची महाग, असा समज आहे. रोज घालणार असाल तर तो खरा आहे. एका दिवसाच्या लेन्स महिन्याला साठ लागतात, मासिक दोनच, वर सोल्यूशनची बाटली. पण महिन्यातून आठच दिवस घालणाऱ्याला एका दिवसाच्या सोळा लेन्स पुरतात, आणि त्याला सोल्यूशन नको, डबी नको, डबीतले जंतूही नकोत. मासिक लेन्सची मुदत मात्र पाकीट फोडल्यापासून मोजतात, घातलेल्या दिवसांवरून नव्हे. आठ दिवस घातली म्हणून ती चार महिने चालत नाही. काटकसर म्हणून ती चार महिने चालवणारेच पुढे डॉक्टरकडे जास्त पैसे भरतात.

चष्म्याचा खर्च वाचेल ही अपेक्षाही सोडा. लेन्स वापरणाऱ्याकडे ताज्या नंबरचा चष्मा असायलाच हवा. तीन वर्षांपूर्वीच्या नंबरचा, दांडी तुटलेला चष्मा घरात असेल, तर डोळा लाल असतानाही माणूस लेन्सच घालून कामाला जातो. त्यामुळे आधी नवा चष्मा करा आणि मगच लेन्स.

पहिली भेट

नंबर काढून डबा हातात देणारं दुकान टाळा. नीट तपासणीत कॉर्नियाचा बाक मोजतात, अश्रू पुरेसे आहेत का पाहतात, पापणी उलटून बघतात, चाचणीची लेन्स घालून वीसेक मिनिटं बसवतात आणि ती डोळ्यावर हलते कशी हे यंत्रातून पाहतात. सिलिंडर असेल तर लेन्स फिरून तिरपी तर होत नाही ना, हेही बघतात. मग तुमच्याकडून दोन-तीनदा घालून-काढून घेतात. घालणं सगळ्यांना आज ना उद्या जमतं. काढणं जमल्याशिवाय मात्र घरी जाऊ नका. आठवड्यानं पुन्हा तपासणीला बोलावतात का, हे विचारा. पुढे चष्मा घालवायची शस्त्रक्रिया करायचा विचार असेल तर तोही सांगून ठेवा. तिच्या मोजमापाआधी मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवावी लागते, कारण लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा बाक तात्पुरता बदललेला असतो.

शेवटी, डोळा बिघडला तर. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि दुसरी घालू नका. औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि जंतू मात्र मोकाट वाढतो. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जा. जवळ कुणी नसेल तर जे. जे., केईएम, सायन, नायर यांपैकी कुठेही जा, तिथे नेत्रविभाग आहेत. जाताना लेन्स आणि डबी बरोबर न्या, आणि धुऊन नेऊ नका, आहे तशीच न्या. तिच्यातला द्रव प्रयोगशाळेत तपासला की जंतू कोणता ते कळू शकतं, आणि औषध अंदाजानं द्यावं लागत नाही.